शकूकाकूचा तळहात

आमच्या गल्लीत घरची मोठी माणसं बाहेर गेल्यावर पोरांनी टीव्ही किती वेळ बघितला, हे शोधायचं असलं तर शकूकाकूला बोलवायचं. ती यायची, कुणाशी काही न बोलता टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "आत्ताच बंद केलाय. अभ्यास चाललाय व्हय? बरं."

हे "बरं" लई वाईट. शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्या "बरं"मध्ये, मला सगळं म्हाईत हाय, पण मी आत्ता बोलणार न्हाई, योग्य वेळी तुझ्या आईसमोर बोलीन, एवढा सगळा मजकूर असायचा.

काकू दिसेल त्याला हात लावून बघायची. इस्त्री, मिक्सर, चहाचं पातेलं, बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या गाडीचं इंजिन. "सोनईवरनं आलो म्हनतोय, पन गाडी तर गार हाय. हा मघाशीच आलाय. कुठं बसला हुता इतका वेळ?" एकदा भाच्याच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरला हात लावायला गेली आणि तळहाताला चांगला पानाएवढा डाग पडला. दुसरी असती तर रडली असती. काकू हात पाण्यात बुडवून म्हणाली, "बघा. म्हनत हुता दिवसभर घरात झोपलो हुतो."

तिच्या लेकीचं लग्न ठरायच्या आधी लेकीचा मोबाईलसुद्धा ती असाच तपासायची. आत काय आहे ते बघायची गरज नाही. नुसता गालाला लावायचा. "एवढा तापलाय, म्हंजे अर्धा तास तरी झाला. मैत्रीन हाय म्हनती? मैत्रिनीशी बोलून फोन एवढा तापत न्हाई." पुढं त्याच मैत्रिणीशी, म्हणजे चाकणच्या पोराशी, काकूनं थाटात लग्न लावून दिलं. पण लग्नाच्या आधी त्याच्या पगाराची चौकशी तीन निरनिराळ्या माणसांकडून केली, आणि तिघांचं उत्तर सारखं आलं म्हणून जास्तच संशय घेतला.

पलीकडच्या आळीत एक म्हातारे वारले तेव्हाची गोष्ट तर गावात अजून सांगतात. डॉक्टर बघून गेला, बायका रडायला लागल्या, पोरं बांबू आणायला निघाली. काकू पुढं झाली आणि म्हाताऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला.

"थांबा," काकू म्हणाली.

रडणं थांबलं. बांबूवाले दारात थांबले. म्हाताऱ्याची सून तर हात जोडून उभी राहिली. काकूनं पुरता वेळ घेतला. मग हात काढून पदराला पुसला आणि म्हणाली, "न्हाई. गेलेच हायेत. रडा."

आता हे जे मी सांगतोय ते तिच्या आवाजात सांगतो, तेव्हा लोक पोट धरून हसतात. नकला करणं हा माझा जन्मजात आजार आहे. शाळेत हेडसर, एसटीचा कंडक्टर, लग्नात माईक न सोडणारे पुढारी, कुणाला म्हणून सोडलं नाही. काकूची नक्कल एका संध्याकाळी पारावर चालू होती. पोरं खिंकाळत होती आणि अचानक सगळ्यांची तोंडं पडली. मी ओळखलं. मागं उभी होती.

"अय नकल्या. परत कर."

केली. करतोय काय!

"चुकतंय तुझं. तू आधी डोळं बारीक करतो. आधी हात लावायचा, मंग डोळं. आधी डोळं बारीक केलं की समोरचा सावध हुतो."

तेव्हापासून ती मला नकल्याच म्हणायची. आणि माझी नक्कल सुधारली हेही खरं.

तिचे यजमान बबनकाका. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, सगळी नोकरी तिथंच गेली. उसाची ट्रॉली काट्यावर चढायची, काका आकडा ओरडून सांगायचे आणि खाली उभा असलेला माणूस दर खेपेला तेच म्हणायचा, "काटा मारला." ऊस ओला असो, वाळका असो, ट्रॉली भरलेली असो का अर्धी, ह्यात बदल नाही. काका म्हणायचे, "पुढं घ्या." बस. घरी आले की काकू दारातच त्यांच्या सायकलच्या सीटला हात लावून बघायची. सावलीत उभी होती का उन्हात, म्हणजे साहेब ड्युटीवर होते का कँटीनमागच्या लिंबाखाली. काका तेव्हाही काही म्हणायचे नाहीत. मी एवढ्या लोकांच्या नकला केल्या, पण काकांची कधी जमली नाही. करणार काय? माणूस बोलायलाच तयार नाही.

रिटायर झाले आणि काका रोज पहाटे निसर्ग उद्यानात जायला लागले. इथूनच भानगड सुरू झाली.

उद्यान म्हणजे जायकवाडीच्या फुगवट्याच्या कडेला वनखात्यानं केलेलं. गेटातनं आत गेलं की बाभळीचं रान, मग निलगिरीचा पट्टा, त्यानंतर पाण्याच्या कडेकडेनं बांधावरून गेलेली पायवाट. एका हाताला बेशरमाची झुडपं, दुसऱ्या हाताला दलदल. लव्हाळं, पाणकणीस, काळा चिखल आणि त्यात एका पायावर उभे असलेले बगळे. अगदी टोकाला एका उंचवट्यावर सिमेंटचा बाक. आम्ही पोरं पोलीस भरतीसाठी त्या वाटेनं पळायचो. रविवारी नगरहून, संभाजीनगरहून रंगीत बुटांची माणसं यायची. ती त्याला ट्रेल रनिंग म्हणायची.

एकदा निलगिरीच्या पुढं पळतोय तर बेशरमाचं झुडूप हललं. मला वाटलं रानडुक्कर. मी दगड उचलला. आतून आवाज आला, "अय, टाक तो दगड. पळत राहा. माझ्याकडं बघू नको."

काकू होती. साडी वर खोचलेली, पायात काकांचे जुने कॅनव्हासचे बूट, घामानं निथळत होती.

"काकू, तू हितं काय करती?"

"तुझा काका काय करतो ते बघती. लई जोरात चालतो. मी चालले तर मागं पडती, म्हनून पळाय लागतंय."

"ते फिरायला येतात गं. शुगर आहे ना त्यांना."

"फिरायला जानारा मानूस भांग पाडून जातो व्हय? धुतलेला रुमाल नेतो? आनि मोबाईल घरी ठिवतो! नकल्या, मोबाईल घेऊन जानाऱ्या मानसाची मला भीती न्हाई. घरी ठिवून जानाऱ्याची हाय."

अशी शकूकाकू पळायला लागली. लोक वजन कमी करायला पळतात, भरतीसाठी पळतात. नवऱ्याच्या संशयानं पळणारी बाई मी ती एकच बघितली. पण काय पळायची! वाळक्या पानावर पाय पडू द्यायची नाही, कारण आवाज होतो. दम लागला तरी तोंड उघडायची नाही, नाकानं श्वास, त्याचाही आवाज होतो म्हणून. चिखलात कुठं घट्ट आहे आणि कुठं पाय रुतेल हे तिला बुटाच्या टोकानं कळायचं. आमचा भरतीवाला मास्तर ओरडून ओरडून जे शिकवू शकला नाही ते काकूला संशयानं शिकवलं. दोन महिन्यांत साडी गेली आणि लेकीचा जुना पंजाबी ड्रेस आला. लगेच गावातल्या बायका मला गाठून विचारायला लागल्या, "शकूबाई पहाटं ड्रेस घालून कुठं जातीय रं? कोन हाय तिकडं?" हे मी काकूला सांगितलं तर ती खवळली. "काय बाया हायेत! मानसानं साधं पळू नये? लगेच संशय!"

घरात तिनं शुगरचंच कारण सांगितलं होतं. काकांनी विचारलं, "तुला कवा झाली?" तर म्हणाली, "तपासायला कशाला पायजे, मला आतनं कळतं." काका म्हणाले, "बरं." त्यांच्या "बरं"मध्ये मात्र नुसतं बरंच असायचं.

त्या हिवाळ्यात उद्यानात शर्यत झाली. रविवारवाल्यांनीच भरवली होती. मी काकूचं नाव घातलं, पंचेचाळीसच्या वरच्या बायकांत. छातीवर नंबर लावताना तिनं पिन तपासली. सुरुवातीलाच नगरची एक मॅडम पुढं गेली. चष्मा, टोपी, मनगटावर पावलं मोजायचा पट्टा. काकू तिच्या मागं. बाभळीच्या रानात मागं, निलगिरीत मागं, बांधावर मागं. पाण्याच्या टेबलावर गावचे लोक ग्लास घेऊन उभे होते, त्यात बबनकाकाही होते. त्यांनी ग्लास पुढं केला तर काकूनं पळता पळता स्वतःच्या नवऱ्याला विचारलं, "कुठलं पानी हाय?" आणि न पिता गेली.

शेवटच्या वळणावर मॅडमचा पार भुगा झाला होता. काकूचा श्वाससुद्धा चढला नव्हता. आम्ही पोरं बोंबलतोय, "काकू, काढ पुढं! काढ!" काकू ढिम्म. मॅडम पहिली, काकू दुसरी.

"काकू, अगं सहज पुढं गेली असती! का नाय गेली?"

"ती बाई मला पहिल्यापासनं बरोबर वाटली न्हाई. आडवाटंनं घुसती का काय, माझं ध्यान हुतं. आनि म्होरं गेले असते तर ती मागं काय करती ते कसं दिसलं असतं?"

आम्ही कपाळावर हात मारला. बक्षिसाच्या कपावर तिनं टिचकी मारली. "पत्रा हाय," म्हणाली.

पण मुख्य काम अडलेलंच होतं. काका रोज त्या टोकाच्या बाकावर जाऊन बसायचे. बाकाच्या अलीकडं एक जाड बाभूळ, तिच्यामुळं अर्धा बाक दिसायचा आणि अर्धा झाकायचा. दिसणाऱ्या अर्ध्यावर काका. झाकलेल्या अर्ध्यावर काय? काकूला बेशरमातनं एवढंच दिसायचं की काकांचे ओठ हलतायत. घरात दोन शब्द न बोलणारा माणूस तिथं बोलायचा. मधेच हात करायचा. एकदा तर हसला.

"हसला," काकू मला म्हणाली, आणि तेव्हा तिच्या आवाजात नेहमीची मजा नव्हती. "माझ्यासमोर कवा हसलाय असा? मला आठवत न्हाई."

जवळ जायचं म्हटलं तर मधे उघडी दलदल, आणि तिथं टिटवी. काकूनं एक पाऊल टाकलं की ती टिटवी असा कालवा करायची की काका वळून बघायचे. मी म्हणायचो, काकू, ही तुझी मागच्या जन्मातली बहीण असणार. तिलाही कुणावर विश्वास नाही.

शेवटी तिनं मला धाडलं. "तू पोलीस हुनार ना? मंग जा." मी सरळ वाटेनं पळत गेलो, बाकाला वळसा घातला आणि परत आलो. काका एकटेच होते. मला बघितल्यावर गप्प झाले होते.

"कोन नाय काकू. एकटेच आहेत."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तू नकल्या. तुझ्या तोंडातलं कुठलं तुझं आनि कुठलं दुसऱ्याचं, मला काय कळतंय? त्यानीच सांगितलं आसंल, कोन न्हाई म्हन म्हनून."

काकू वाळायला लागली होती. लोक म्हणायचे पळण्यानं. मला माहीत होतं, पळण्यानं नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे मी आणि काकू उद्यानात शिरलो तर बांधाच्या पुढची वाटच नव्हती. आमच्याकडं थेंब पडलेला नव्हता, आभाळ कोरडं होतं. पण तिकडं नाशिकला पाऊस झाला की वरून पाणी सोडतात आणि फुगवटा आमच्याकडं गुपचूप चढतो. रात्रीपासनं चढत होता, आणि काका पलीकडं गेल्यावर वाट बुडाली होती. लव्हाळ्याची नुसती टोकं वर दिसत होती. बाकाचा उंचवटा चारी बाजूंनी पाण्यात, आणि काका बाकावर मांडी घालून बसलेले. पाणी चढत असताना उठून यायचं सोडून बसून राहिले होते.

टिटवी नव्हती. तिची जागाच बुडाली होती.

काकू पाण्यात उतरली. मी म्हणालो, "काकू थांब, वनरक्षकाला बोलवू," पण ती ऐकणाऱ्यातली आहे का? मीही मागं गेलो. पाणी गुडघ्यावर आलं, खाली चिखल पाय धरतोय. काकू मात्र पायाच्या टोकानं चाचपत अशी चालली होती की जणू रोजची वाट. थोडी होतीच. अर्ध्यात गेल्यावर काकांचा आवाज ऐकू यायला लागला. आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

"पुढं घ्या," काका म्हणत होते. समोरच्या बगळ्याला. "हां. झालं तुमचं. चला, पुढचा." मग एक पाणकावळा पंख पसरून खुंटावर बसला होता त्याला, "तुमी भिजून आला राव. ओलं वजन धरायचं का वाळकं? चला, वाळकं धरू." आणि हसले. "घ्या पुढं."

काका पक्ष्यांचं वजन करत होते.

काकू तशीच पुढं गेली. काका आम्हाला बघून दचकले, पण उठले नाहीत. आणि काकूनं काय करावं? ओली, चिखलानं भरलेली, नवरा पाण्यानं वेढलेला. ती सरळ बाकाच्या त्या झाकलेल्या अर्ध्याकडं गेली आणि त्यावर तळहात ठेवला.

काका तिच्या हाताकडं बघत होते.

"गार हाय ना?" काका म्हणाले.

"हाय," काकू म्हणाली.

"रोजच गार असतंय."

काकूनं हात काढला नाही. "मी कवा चोर म्हनले का तुमाला?"

"म्हनायला कशाला पायजे? हात लावती की." काका शांतपणे बोलत होते. भांडणाचा आवाजच नव्हता तो. "काट्यावर हुतो तवा रोज ऐकलं, काटा मारला, काटा मारला. एक पोतंभर खोटं सांगितलं न्हाई कवा. घरी आलो की तू सायकलला हात लावायची. म्हनलं रिटायर झाल्यावर सुटंल. हितं येतो, ह्यांला वजन सांगतो. गपचीप घेऊन उडून जात्यात. एकानं मला आजपातुर खोटा म्हनलं न्हाई."

पाणी बाकाच्या पायाला लागलं होतं. काकू म्हणाली, "उठा. पानी चढतंय."

"मला वाट दिसंना म्हनून तर बसलोय."

"मला म्हाईत हाय वाट."

"बाकापातुरची तुला कशी म्हाईत?"

काकूनं माझ्याकडं बघितलं. मी बगळ्याकडं बघितलं. तिनं काकांचं मनगट धरलं आणि ती पुढं झाली. तिच्या मागं काका, त्यांच्या मागं मी. दर चार पावलांनी ती वळायची.

"हायेत का?"

"हाय."

परत चार पावलं. "हायेत का?"

"अगं, हात तुझ्याच हातात हाय! कुठं जानार?"

मी मागं हसत होतो आणि रडतही होतो, पण पाणी एवढं उडत होतं की कुणाला कळलं नाही.

त्यानंतर गल्लीत वरवर काही बदललं नाही. टीव्हीची तपासणी चालूच राहिली, दूधवाल्यावरचा संशय चालूच राहिला. काका पहाटे जायचे. काकूही पळायची, पण आता ते परत फिरायच्या वेळेला निघायची. वाटेत समोरासमोर आले तर काका बाजूला होऊन वाट द्यायचे, ती पळत पुढं जायची, आणि वळायची नाही असं मी म्हणणार नाही. वळायची. थोडीच.

भरतीत मी उंचीला कमी पडलो. नगरला एका दुकानात नोकरी लागली. आता कार्यक्रमांतून नकला करतो, काकूची नक्कल सगळ्यात जास्त चालते. ती दोघंही नंतर लेकीकडं चाकणला गेली. मी नगरला जायच्या आदल्या दिवशी शेवटचा म्हणून उद्यानात पळायला गेलो होतो. थंडी होती, पाणी कधीच ओसरलेलं. बांधावर काका भेटले, घरी निघाले होते. मान हलवून गेले. मी बाकाअलीकडच्या बाभळीपाशी आलो आणि थांबलो, कारण पुढं काकू बाकाकडं पळत चालली होती.

ती बाकाशी थांबली. बाकावर दव पडलं होतं, पांढरं, साखर सांडल्यासारखं. एका बाजूला फक्त माणूस बसून उठल्याएवढी जागा कोरडी. काकूचा हात उचलला गेला. सवयीनं. त्या कोरड्या जागेवर वीतभर वर येऊन थांबला. मला वाटलं, आता टेकणार. डागाचा तळहात खाली, बोटं पसरलेली.

मग तिनं हात मागं घेतला आणि ओढणीला पुसला. काही लागलेलं नसताना.

आणि बसली. कोरड्या जागेवर नाही, तिच्या शेजारी, दवावर. टिटवी ओरडायला लागली. काकूनं तिकडं बघून म्हटलं, "ओरड. मी हाय." जरा वेळ पाण्याकडं बघितलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पळत निघाली. मागून तिचा ड्रेस ओलाचिंब झाला होता, आणि बाकावर आता दोन कोरड्या जागा होत्या.